चेहरा कोडासकट

मी, चारुशीला मोरोपंत वाठोडकर, वय बहात्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार रुक्मिणीनगर, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि दिवसाढवळ्या लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेले नाही. मला धमकावेल असा माणूस वाठोडकरांच्या घरात अजून जन्माला यायचा आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळेही शाबूत आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून तर समोरच्याच्या तोंडावरचा पावडरीचा थरसुद्धा दिसतो. याआधीचे एक मृत्युपत्र भाच्याच्या कपाटात आहे. ते आजपासून रद्द समजावे.

हा मसुदा वलगावच्या ॲडव्होकेट पौर्णिमा ठाकरे यांनी तपासला. त्यांचे म्हणणे, मृत्युपत्रात काय कोणाला ते लिहायचे, कारणे लिहायची नसतात. मी म्हटले, कारणे मी लिहिली नाहीत तर माझ्या मागे लोक आपापली लिहितील. त्यावर ती हसली आणि म्हणाली, "लिहा मावशी, तुमाले कोन अडवते!" म्हणून लिहिते आहे. कोर्टाला कंटाळा आला तर कोर्टाने मधली पाने वगळावीत.

कलम १. माझी माणसे

मला मूलबाळ नाही. नवरा होता, एका दुपारपुरता. त्याचे पुढे येईल. धाकटा भाऊ वारला. त्याचा मुलगा गौरांग आणि गौरांगची मुलगी श्रावणी हे माझे रक्ताचे वारस. श्रावणी मला आत्याआजी म्हणते आणि माझ्याशी भांडते, म्हणून ती मला आवडते. गौरांग माझ्याशी भांडत नाही, माझ्या मागे कामे उरकतो. भागीरथा माझ्या घरी स्वयंपाक करते आणि मला दोन वेळा बोलणी घालते. एवढीच माणसे. बाकी जे कोणी माझ्या दिवसांना येऊन 'आम्ही बाईंच्या फार जवळचे' म्हणतील, त्यांना चहा द्यावा.

कलम २. माझ्या चेहऱ्याबद्दल

हे कलम मिळकतीचे नाही, पण पुढची सगळी कलमे याच्यावर उभी आहेत, म्हणून आधी.

माझ्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, कोड आहे. चौदाव्या वर्षी आले आणि राहिले. पुढे हातांवरही उतरले. ते लागत नाही, दुखत नाही, खाजत नाही. त्रास होतो तो बघणाऱ्याला. आमच्या घरात त्याला नावसुद्धा नव्हते. 'तेवढे' म्हणायचे. 'तेवढे सोडले तर पोरगी चांगली आहे.'

बाबा, म्हणजे मोरोपंत वाठोडकर, शाळेत इतिहास शिकवत. माझ्या लग्नाचे बघायला लागल्यावर त्यांनी मला जवाहर गेटच्या आतल्या मनोहर फोटो स्टुडिओत नेले. मालक नत्थुजी. बाबांनी त्यांना पडद्याआड घेतले आणि सांगितले, "फोटोतून तेवढे काढून टाका." पडदा म्हणजे भिंत नव्हे. मी ऐकले.

फोटो अप्रतिम आला. अकोल्याच्या जठारपेठेतल्या दिगंबर पातूरकरांनी तो पाहताक्षणी पसंत केला. मग त्यांच्या आई, माणिकबाई, मुलगी बघायला आल्या. आईने मला दिवेलागणीला, खिडकीपासून लांब, डाव्या गालावर पदर घेऊन बसवले आणि पावडर तर अशी थापली की मला शिंका येत होत्या. माणिकबाईंनी फोटोवर भरवसा ठेवला होता, त्यामुळे माझ्याकडे त्यांनी फारसे पाहिलेच नाही.

लग्न वैशाखात, अमरावतीला. अक्षता पडल्या, आणि त्यानंतर आमच्याकडे सूनमुख पाहतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सासू सुनेला जवळ घेऊन बसते, दोघींसमोर आरसा धरतात, सासू आरशात सुनेचे तोंड पाहते आणि तिच्या तोंडात साखर घालते. वैशाखातली अमरावती, मांडवात पंखा एक, तोही वरपक्षाकडे वळवलेला. माझी पावडर घामाबरोबर कधीच उतरली होती. मी साखरेसाठी तोंड उघडले. माणिकबाईंनी आरशात पाहिले. त्यांच्या बोटांतली साखर तशीच राहिली, आणि मग त्यांनी ती परत वाटीत टाकली.

त्या बाबांना म्हणाल्या, "आम्ही फोटोतली मुलगी पसंत केली आहे. ती पाठवा."

ओरडल्या नाहीत. दुकानदाराला बोलावे तसे बोलल्या. दिगंबरराव मुंडावळ्यांतून आईच्या तोंडाकडे पाहत होते. बाबांनी पागोटे काढले, हात जोडले, काहीबाही बोलले. वरात माझ्याशिवाय अकोल्याला परत गेली. पंगत जेवून गेली, हे नमूद करून ठेवते. जिलबी दोनदा वाढून घेतली होती. पुढे कोर्टातून रीतसर फारकत झाली आणि मी वाठोडकर होते ती वाठोडकरच राहिले.

हळद उतरायच्या आत मी एकटी मनोहर स्टुडिओत गेले. शिकायला नाही, फोडायला. हातात आईचा खलबत्त्यातला बत्ता होता. नत्थुजी बसल्या जागेवरून उठले नाहीत. त्यांनी माझे निगेटिव्ह काढले, खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवले आणि म्हणाले, "फोडाचं तं फोडा बाई. पन आधी पाहून घ्या म्या काय केलं ते."

मी पाहिले. गालावर, कपाळावर, नाकावर, गळ्यावर पेन्सिलीच्या केसासारख्या बारीक रेघा होत्या. फक्त कोडावर एकही रेघ नव्हती.

"निगेटिव्हवर समदं उलटं रायते," नत्थुजी म्हणाले. "तुमचा डाग इथं काळा दिसते अन् बाकी तोंड साफ. पेन्सिलनं मले काळं वाढवता येते, कमी करता येत नाही. डाग तं निंघत नोता. मंग म्या बाकीचं तोंडच डागाच्या रंगाचं करून टाकलं."

मी पुन्हा पाहिले, आणि मला हसू फुटले. लग्नानंतर पहिल्यांदा. अहो, माझे कोड त्यांनी पुसलेच नव्हते! उरलेला चेहरा पुसला होता. पातूरकरांनी जिला गोरीपान म्हणून पसंत केले, ती कपाळापासून गळ्यापर्यंत कोडाचीच पोरगी होती. त्या फोटोत खरे काही असेल तर ते एकटे माझे कोड होते, बाकी सगळी मी खोटी होते. मी इतकी हसले की नत्थुजी घाबरले आणि पाणी आणायला धावले.

पाणी पिऊन मी म्हटले, "मला हे काम शिकवा."

"पुसाले शिकता?"

"नाही. न पुसता फोटो काढायला."

"त्याले काय शिका लागते!" ते म्हणाले. पण शिकवले, आणि शिकवता शिकवता दोघांनाही कळले की त्यालाच शिकावे लागते. पुसणे हाताचे काम आहे. न पुसता बघण्यासारखा फोटो काढायचा तर आधी त्या माणसाकडे बघावे लागते.

बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हातारपणी एकदा स्वतःहून फोटो काढून घ्यायला आले आणि जाता जाता म्हणाले, "सुरकुत्या जरा तेवढ्या काढून टाक." मी काढल्या नाहीत. तो फोटो देवघराशेजारी आहे. त्यात बाबा दमलेले आणि भले दिसतात. ते तसेच होते. माझे वाईट करावे असे त्यांच्या मनात नव्हते, फक्त लोकांपुढे त्यांचे पाय लटपटायचे.

कलम ३. स्टुडिओ

नत्थुजींनी जाताना स्टुडिओ मला दिला, माझ्या नावे रीतसर खरेदीखत आहे. तो मी श्रावणीला देते. जागा, कॅमेरे, दिवे, आकाशाचा रंगवलेला पडदा आणि बाहेरची पाटी यांसकट. पाटीवर लिहिले आहे: 'येथे चेहरा पुसून मिळणार नाही.' ही पाटी लावली तेव्हा अर्धे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेले. उरलेल्या अर्ध्यांवर मी जन्म काढला आणि कोणापुढे हात पसरला नाही. पाटी काढू नये. रंग उडाला तर रंगवावी.

रीटचिंगचे, म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे टेबल विकू नये, वापरूही नये. ते तिथे दिसत राहावे.

श्रावणीसाठी थोडे कामाचे. माणूस बसवायचा तो पाठ नसलेल्या स्टुलावर. खुर्चीत माणूस टेकतो आणि खोटा होतो. 'हसा' कधी म्हणू नये; सांगून हसलेला माणूस दात दाखवतो. तो हात कुठे ठेवतो ते आधी पाहावे. ज्याला हात ठेवायला जागा सापडत नाही, तो घरातही कुठेतरी अवघडूनच बसत असतो. पहिला फोटो त्याला हवा तसा काढावा, छाती काढून, मान ताठ करून. मग 'झालं' म्हणावे. 'झालं' ऐकल्यावर माणूस श्वास सोडतो, खांदे खाली येतात, आणि स्टुलावरून उठायच्या आधी एक क्षण तो जसा आहे तसा तिथे असतो. तेव्हा दुसरा फोटो काढायचा.

ही लबाडी आहे, असे मला एका प्राध्यापकांनी ऐकवले होते. मी म्हटले, सर, तुम्ही स्टुडिओत शिरताना केसांना कलप लावून आलात, मी काही बोलले का?

दुसरा फोटो गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा. नको म्हटले तर निगेटिव्ह त्याच्यासमोर कापायचे. हा माझा नियम, आणि तो मी आमदारापासून हमालापर्यंत सगळ्यांना सारखा लावला. बहुतेकांनी कापू दिले नाही, फक्त 'कोणाले दाखवू नका' म्हणाले. अशी निगेटिव्हे लोखंडी कपाटात आहेत. ज्याचे त्याला, तो नसेल तर त्याच्या मुलाबाळांना श्रावणीने परत करावे. त्यांना वाटेल तर त्यांनी जाळावे.

एक उदाहरण देते, म्हणजे श्रावणीला परत करताना कंटाळा येणार नाही. दर्यापूरकडचे भगवंतराव आणि पार्वताबाई जोडीने आले होते. भगवंतराव बायकोवर सारखे डाफरत होते. "नीट बस व! पदर घे! इकडं पाहाय ना!" पार्वताबाई बिचाऱ्या लाकडासारख्या. मी 'झालं' म्हटले. भगवंतरावांनी हळूच त्यांच्या केसांतला कडुनिंबाचा पाला काढला आणि खाली न टाकता स्वतःच्या खिशात ठेवला. तो फोटो पाहून ते लालबुंद झाले. "हा नोका देऊ बाई. लोक हासतीन." पार्वताबाई पहिल्यांदा बोलल्या, "द्या. मले पायजे." त्यांचा मुलगा अमोल आज आमच्या समोर फ्रेमचे दुकान चालवतो. त्याचे निगेटिव्ह त्याला मी मागेच दिले आहे, म्हणून या मृत्युपत्रात त्याचा वाटा नाही आणि तो साक्षीदार होऊ शकतो. ही खात्री पौर्णिमाने दोनदा करून घेतली.

कलम ४. दिगंबर दामोदर पातूरकर यांचे निगेटिव्ह

हे वेगळे लिहावे लागते. दुसऱ्या लग्नाच्या पंचविशीला दिगंबरराव पत्नीला घेऊन अंबादेवीच्या दर्शनाला अमरावतीला आले, आणि फोटो काढायला नेमके माझ्याच स्टुडिओत शिरले. पाटीवर माझे नाव नाही, त्यांना काय माहीत. मी पडदा सारून बाहेर आले. त्यांनी माझा गाल पाहिला आणि त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

पत्नीने विचारले, "अहो, बाईंना ओळखता का?"

"नाही," ते म्हणाले.

"बसा," मी म्हटले. "मान जरा वर."

मी त्यांचा फोटो मन लावून काढला. सूड घ्यायचा असता तर उजेड खालून दिला असता, बस्स, माणूस भुतासारखा दिसतो. पण माझ्या स्टुलावर बसलेल्या माणसाशी मी कधी बेइमानी केली नाही. मी 'झालं' म्हटले. त्यांनी श्वास सोडला आणि उठू का, असे विचारल्यासारखे बायकोच्या तोंडाकडे पाहिले. मांडवात आईकडे पाहिले होते, अगदी तसेच. तेव्हा मला कळले, हा माणूस दुष्ट नव्हता. हा जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून उठत-बसत आला होता. माझा त्याच्यावरचा राग तिथेच गळून पडला. माणिकबाईंवरचा आहे तसा आहे. त्या वारल्या असे ऐकते, पण त्याने रागात काही फरक पडत नाही.

दुसरा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. कापा म्हणाले नाहीत, ठेवा म्हणाले नाहीत. बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, "राहू द्या की." म्हणून ते कपाटात राहिले. आता हे निगेटिव्ह त्यांना परत करावे.

कलम ५. दागिने आणि ठेव

माझ्या बांगड्या आणि बँकेतली सगळी ठेव भागीरथाला. तिने मला शेवटच्या आजारात बोलणी घातली नाहीत तर मी फार आजारी आहे असे समजावे. ठेवीवर नातेवाइकांपैकी कोणी हक्क सांगितला तर त्याने आधी महिनाभर मला बिनसाखरेचा चहा करून पाजावा. मी गेलेली असेन, म्हणजे ते त्याला जमणार नाही.

कलम ६. रुक्मिणीनगरचे घर आणि त्याची पुढची भिंत

घर मी बांधले. ते गौरांगला देते, खालील अटीवर. अट वाचून तो चिडेल. चिडू दे.

माझ्या सत्तरीला गौरांगने कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. 'आमच्या आदरणीय आत्या.' फोटो त्याने मोबाईलवर करून घेतला होता. गाल एकदम साफ, रंग दुधासारखा, वयही वीस वर्षांनी कमी. भागीरथा भाजी घेऊन आली आणि मला विचारते, "बाई, ह्या कोन व? तुमची बहीन काय?" मी म्हटले, अगं ही मरून पन्नास वर्षे झाली. नत्थुजींनी पेन्सिलीने केली होती, गौरांगने बोटाने केली. फ्लेक्स मी संध्याकाळी स्वतः स्टुलावर चढून उतरवला आणि मागच्या अंगणात सरपणावर घातला. पावसाळ्यात तो उपयोगी पडतो.

मी विचारले, "का रे केलंस?"

"आत्या, श्रावणीचं बघून राहिलो आपण," तो म्हणाला. "पाहुणे येतात, लोक विचारतात. अंगावरचं आहे का घराण्यात? मी एकेकाला, डॉक्टर म्हणतात ते लागत नाही, असं सांगत बसू का? तू समजून घे ना. आणि पुढे... म्हणजे देव करो आणि तू शंभर वर्षं जग, पण पुढे भिंतीवर तोच फोटो बरा दिसेल."

तोच फोटो बरा दिसेल! मी अजून जिवंत, भिंतीवर लागायची आहे, आणि याने माझा गाल आधीच घासून ठेवला. मी एक शब्द बोलले नाही. मी जेव्हा एक शब्द बोलत नाही तेव्हा लोकांनी सावध व्हावे, पण गौरांगला इतकी वर्षे होऊनही ते कळलेले नाही.

त्यानंतर त्याने काय केले? श्रावणी सावळी आहे, आमच्या आईसारखी, आणि तिचा स्थळांसाठीचा फोटो मी काढला होता. जसा यायला हवा तसाच आला होता: हनुवटी थोडी हट्टी, डोळे सरळ. गौरांगने तोही बाहेरून उजळून आणला आणि नागपूरच्या एका स्थळाकडे धाडला. श्रावणीला कळले तेव्हा ती माझ्याकडे आली. रडत नव्हती, संतापली होती. म्हणाली, "आत्याआजी, तिकडे जाऊन मी कोणाच्या तोंडाने बसू?" आणि माझ्यासमोर तिने त्या लोकांना खरा फोटो धाडला. सोबत आणखी एक: ती आणि मी, गालाला गाल लावून, माझी डावी बाजू पुढे. खाली लिहिले, 'ही माझी आत्याआजी. हे कोड आहे. आधी पाठवलेला फोटो माझा नव्हता.' त्यांचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. येवो न येवो. मांडवात आरशात बघून घाबरणाऱ्या माणसांपेक्षा न आलेले उत्तर परवडते.

म्हणून अट अशी. माझ्या मृत्यूनंतर या घराच्या पुढच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल अशा भिंतीवर, या मृत्युपत्राला जोडलेला माझा फोटो लावावा. फोटोत काही पुसू नये, उजळवू नये, भरू नये. वर्तमानपत्रात आणि निधनाच्या बोर्डावर हाच फोटो द्यावा. त्यावर चंदनाच्या सालींचा हार घालू नये. तो नेमका गालावर येतो, आणि मुद्दाम तसा बसवणारे लोक मी पाहिले आहेत. पाहुणे येणार म्हणून फोटो आतल्या खोलीत हलवू नये. बघायचा कार्यक्रम असेल तर त्याच खोलीत, त्याच फोटोखाली करावा. पौर्णिमा ठाकरे यांना मी या मृत्युपत्राची अंमलबजावणी सोपवते. त्यांनी दर दिवाळीला फराळाला जाऊन भिंत पाहावी. ज्या दिवशी फोटो खाली उतरलेला किंवा बदललेला आढळेल, त्या दिवसापासून घर श्रावणीचे.

गौरांग, तू याला जबरदस्ती म्हणशील. आहेच. तू लहान असताना तापात माझ्या मांडीवर झोपायचास, तेव्हा याच गालाला तुझा हात असायचा, आणि तू तो कधी झटकला नाहीस. तो हात मला आठवतो. तोच गाल पुसून टाकणारा हा दुसरा गौरांग मला ओळखीचा वाटत नाही, आणि घर मी ओळखीच्यालाच देणार.

कलम ७. जोडलेला फोटो

मोबाईलवरचे सोडा, पण स्टुलावर बसून माझा फोटो मी पुन्हा कधी काढू दिला नव्हता. नत्थुजींनाही नाही. लग्नासाठीच्या त्या एका फोटोनंतर मी कॅमेऱ्याच्या मागेच राहिले. पण भिंतीवर लावायचा तर फोटो हवा, म्हणून मागच्या आठवड्यात मी श्रावणीला म्हटले, काढ.

मी पाठ नसलेल्या स्टुलावर बसले. खिडकीचा उजेड डाव्या गालावर घेतला. मान वर केली, डोळे वटारले, साऱ्या अकोल्याकडे पाहावे तसे पाहिले. श्रावणीने फोटो काढला. मग म्हणाली, "झालं."

आणि मी श्वास सोडला! पन्नास वर्षे जी युक्ती मी जगावर केली, तीच माझ्यावर झाली आणि मला कळलेही नाही. खांदे गेले खाली. तिने दुसरा काढला.

फोटो पाहिला तेव्हा मी 'काप' म्हणणार होते. माझी समजूत अशी की माझा खरा चेहरा भांडकुदळ आहे. मी त्याच्यावरच जगले. फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावर भांडण नावालाही नाही. कोड आहे, सगळे, कानापासून हनुवटीपर्यंत, उजेडात लख्ख. सुरकुत्या आहेत. आणि तोंड जरासे उघडे आहे.

श्रावणीला सूनमुखाची गोष्ट ठाऊक आहे. ती फोटोकडे पाहून म्हणाली, "आत्याआजी, तू साखरेसाठी तोंड उघडलंयस गं."

मग ती आत गेली आणि भागीरथाच्या डब्यातून चिमूटभर साखर घेऊन आली. मला मधुमेह आहे. तिने माझ्या तोंडात साखर घातली आणि मी ती खाल्ली. रडलेही, हे लिहून ठेवते, नाहीतर भागीरथा गावभर वेगळे सांगेल.

तोच फोटो सोबत जोडला आहे.

कलम ८. अकोला

माझ्या तेराव्यानंतर या फोटोची एक मोठी प्रत अमोलकडून चांगल्या सागवानी फ्रेममध्ये बसवून घ्यावी आणि दिगंबररावांच्या निगेटिव्हसोबत अकोल्याला, जठारपेठेतल्या पातूरकरांच्या घरी, श्रावणीने स्वतः नेऊन द्यावी. कुरिअरने धाडू नये. त्या घरात माणिकबाईंचा फोटो भिंतीवर असणारच, हारासकट. श्रावणीने माझा फोटो त्यांच्यासमोर नीट धरावा, दोघींची तोंडे समोरासमोर येतील असा, आणि त्यांना हवा तेवढा वेळ पाहू द्यावे. कोणी अडवले तर मृत्युपत्रातले कलम आहे म्हणून सांगावे.

फ्रेमच्या मागे चिकटवायचा कागद माझ्या अक्षरात लिहून आधीच अमोलकडे दिला आहे. त्यावरचा मजकूर असा:

'सौ. माणिकबाई यांस, फोटोतली मुलगी पाठवली आहे. सूनमुख पाहून घ्यावे. साखरेची तसदी घेऊ नये, ती मिळाली.'

येणेप्रमाणे लिहून, वाचून, दोन ठिकाणी भागीरथाला ऐकवून, खालील दोघांसमक्ष सही केली.

ठिकाण: मनोहर फोटो स्टुडिओ, जवाहर गेटच्या आत, अमरावती
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) चारुशीला मोरोपंत वाठोडकर

साक्षीदार
१. (सही) ॲड. पौर्णिमा ठाकरे, मु. वलगाव. बाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत आणि मोठ्या आवाजात सही केली.
२. (सही) अमोल भगवंतराव गावंडे, फ्रेमचे दुकान, जवाहर गेट. फ्रेमचे माप घेतले आहे.

सोबत: डॉक्टरांचा दाखला; फोटो एक, जसा आहे तसा.